घरची वेळ

"तो फोन मलाच होता," ताई माईकसमोर म्हणाली आणि सभागृहात नेहमीच्या खुर्च्यांवर नेहमीचे रुमाल बाहेर निघाले.

दुसऱ्या रांगेत धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारातल्या बॉम्बस्फोटाला आठ वर्षं झाली आणि आठही वर्षं स्मृतिदिनाला हेच. गेलेल्या एकतीस जणांची नावं वाचायची, मग घड्याळजींची मोठी मुलगी दोन शब्द बोलणार. बोलायचीही अगदी मोजून. दुकान बंद करायच्या आधी बाबांनी फोन केला. वेळ विचारली. मी सांगितली. बरं म्हणाले, ठेवला. एवढ्याशा गोष्टीवर बायका तिला पोटाशी धरायच्या. धाकटीच्या वाट्याला डोक्यावर टपली आणि 'केवढी उंच झालीस गं'.

आणि वेळ सांगायचं काम मुळात धाकटीचं होतं.

बाबांची रीतच होती ती. दिवसभरात दुरुस्त झालेली घड्याळं ते संध्याकाळी लावायचे, आणि लावायचे ती घरच्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे. दुकानात शंभर घड्याळं टिकटिकत असताना घरी फोन करून किती वाजले विचारणारा घड्याळजी जगात एकच, असं आई म्हणायची. धाकटीला काटे वाचता यायला लागले तसं हे खातं तिच्याकडे आलं. ती स्टुलावर चढायची, सेकंदासकट वेळ सांगायची. पलीकडून बाबा म्हणायचे, झालं मॅडम, अख्खा बाजार तुमच्या वेळेवर लावला.

त्या संध्याकाळी ती खाली लपंडाव खेळत होती. ताईने गॅलरीतून हाक मारली होती. एकदाच, आणि तीही मुद्दाम हळू, असं धाकटीचं ठाम मत होतं. जिन्याखाली लपलेलं माणूस ओ देईल कसं? डाव जिंकून ती वर आली, तोवर खिडकीच्या काचा हादरून पडल्या होत्या.

थोडक्यात, बाबांचा शेवटचा आवाज ताईने ढापला होता. सायकल, खिडकीजवळचा पलंग, कपाटाचा वरचा कप्पा, सगळं धाकटीने तिच्याशी भांडून मिळवलं. हा फोन तेवढा मिळत नव्हता. एकदा तोंडावर म्हणाली होती, तो माझा फोन होता, तू चोरलास. ताई एरवी एकाच्या जागी चार ऐकवणारी. तेव्हा मात्र भाजी चिरता चिरता नुसती म्हणाली, मलाच होता.

म्हणून यंदा धाकटीने स्वतःच जाऊन आपलं नाव वक्त्यांच्या यादीत घातलं. चार पानं लिहिली. पहिलंच वाक्य होतं, तो फोन खरं तर माझा होता. आता सगळ्यांना कळलंच पाहिजे होतं. ताईलासुद्धा, माईकवरून, सगळ्यांच्या देखत.

ती पानं सारखी करत व्यासपीठाच्या पायऱ्यांशी उभी राहिली, तेवढ्यात कुणीतरी तिचा हात धरला. छत्रीवाले काका. बाबांच्या शेजारचं दुकान त्यांचं. त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पोहोचले होते म्हणून वाचले, आणि दवाखान्यातून निघाले ते थेट दूरच्या गावी मुलाकडे. आठ वर्षांत आजच आले होते, एक जुनी छत्री काठीसारखी टेकत.

"तू धाकटी ना? घड्याळ बघणारी?"

धाकटीची छाती फुगली. आठ वर्षांनी साक्षीदार मिळाला होता. व्यासपीठावरच्या ताईला ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली, हो काका, वेळ मीच सांगायचे.

"तेच तर," काका तिचा हात थोपटत म्हणाले. "मी शटर ओढून त्याला म्हटलं, चल. तर हसला. म्हणाला, तू हो पुढे. मोठीशी बोललोय, धाकटी खेळायला गेलीय. ती वर आली की फोन करेल. तिच्याकडून वेळ ऐकतो आणि मगच..."

धाकटीने हातातली पानं दुमडली. तिला जिन्याखालचा अंधार आठवला, आणि ती हाक. ती हळू नव्हती. चांगली खणखणीत होती.

ताई दोन दोन पायऱ्या गाळत खाली आली. दोघांच्या मधे उभी राहिली. धाकटीकडे तिने पाहिलंच नाही. काकांचा हात तेवढा तिच्या हातावरून अलगद सोडवून घेतला.

"तुमची काहीतरी गफलत होतेय, काका," ती म्हणाली. "तो फोन मलाच होता."