नवरदेवाची खुर्ची

"आज तरी आले का आमचे नवरदेव?" सिस्टरनी दारातूनच विचारलं. हॉस्पिटलमधली ड्यूटी संपवून त्या थेट स्पॅनिशच्या वर्गात आल्या होत्या.

खिडकीजवळच्या खुर्चीशी एक अनोळखी स्त्री उभी होती. हातात चष्म्याचं घर.

"ते गेले, सिस्टर. मागच्या आठवड्यात," स्पॅनिश शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "ही त्यांची मुलगी. विसरलेला चष्मा न्यायला आलीय."

"मुलगी? म्हणजे लग्न झालं होतं त्यांचं?"

मुलीला काहीच उमगेना. बाईंचा फोन येईपर्यंत तिला या वर्गाचा पत्ताही नव्हता. दर मंगळवारी बाबा गुडघ्याच्या व्यायामाला जातात, एवढंच तिला ठाऊक होतं. परत आले की ती गरम पाण्याची पिशवी घेऊन त्यांच्या पायाशी बसायची. आज कळलं, वर्ग तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट नव्हती.

बाईंनी अवघडून फळ्यावर एक शब्द लिहिला. तोदाविया. म्हणजे अजून. त्या सांगू लागल्या की तिकडे स्पेनमध्ये दिवसभर हा शब्द लोकांच्या तोंडात असतो. अजून थंडी आहे, अजून दुकान उघडं आहे. पुढे 'नो' जोडलं की झालं, अजून नाही. सुरुवातीलाच हा शब्द शिकवून त्यांनी प्रत्येकाला विचारलं होतं, लग्न झालंय का, मुलं आहेत का. पिकल्या केसांच्या बाबांनी दोन्हींना गंभीर चेहऱ्यानं उत्तर दिलं, "तोदाविया नो." वर्ग पोट धरून हसला. तेव्हापासून ते नवरदेव. दर मंगळवारी कुणीतरी मुद्दाम विचारायचं आणि ते तेच सांगायचे.

मुलगी ऐकत राहिली. तिला मागणी घालणाऱ्या दोघांनाही तिनं एकच उत्तर दिलं होतं. बाबा आहेत अजून.

"मनावर घेऊ नका, ताई," बाई म्हणाल्या. "इथे सगळेच थापा मारतात. शब्दच तोकडे पडतात ना. आमच्या या टॅक्सीवाल्या दादांनी घोडा पाळलाय, का, तर त्यांना घोडा हा शब्द येतो."

मागच्या बाकावरून दादांनी ओशाळून मान हलवली.

मुलीनं चष्म्याचं घर उघडलं, काच पदरानं पुसली, पुन्हा ठेवून दिली.

"मुलगी हा शब्द कितव्या धड्यात आहे?"

बाईंनी खडू खाली ठेवला.

"पहिल्याच."

मुलगी खाली बसली, बाबांच्या त्याच खुर्चीत. सिस्टरनी पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली, पाठीवर हात ठेवला. रोज कुणा ना कुणाच्या घरच्यांना त्या हे विचारत असणार, तितक्याच सहज आवाजात त्यांनी विचारलं, "रडलीस का गं?"

तिनं फळ्याकडे पाहिलं.

"तोदाविया नो."

मागच्या बाकावर टॅक्सीवाल्याला सवयीनं हसू फुटलं.