अडकलेला उजेड

“विझला?” विषयतज्ज्ञांनी पेन खाली ठेवलं. “विश्वाच्या सुरुवातीला प्रकाश विझला होता, असं म्हणायचंय तुम्हाला?”

थोरलीला स्वतःचं काहीच म्हणायचं नव्हतं. ती नुसती धाकटीच्या खुणा बघून बोलत होती. धाकटीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि त्यांच्या घरच्या खुणांत उघडा पंजा मिटून मूठ केली की अर्थ एकच: दिवा मालव.

शाळेत विज्ञान शिक्षिकेची एक जागा होती. धाकटीची ही सहावी मुलाखत. पाच ठिकाणी गुण बघून बोलावलं आणि बोलता येत नाही म्हणून परत पाठवलं.

“पदवी उत्तम आहे हो,” मुख्याध्यापिका बाई हळूच म्हणाल्या. “पण वर्गात चाळीस मुलं असतात. तुम्ही काही रोज शेजारी उभ्या राहणार नाही. ही शिकवणार कशी?”

थोरलीने मान खाली घातली आणि मनातल्या मनात देवाचा धावा केला. धाकटीने मात्र तज्ज्ञांचे आणि बाईंचे ओठ वाचले होते. तिने बहिणीच्या दंडाला करकचून चिमटा काढला. ‘मी विझला म्हटलंच नाही, अडकला म्हटलं,’ तिची बोटं सपासप फिरली. ‘आता तू गप्प.’

तिने फळ्यावर लिहिलं, ‘पाच मिनिटं द्या,’ आणि दार उघडलं. बाहेर चार उमेदवार ताटकळत बसले होते. चौघांना तिने हाताला धरून आत आणलं. थोरलीच्या शिवणाच्या पिशवीतून टाचण्या काढल्या, कागदाचे कपटे केले. तिघांच्या छातीवर ‘प्रोटॉन’, तिघांच्या छातीवर ‘इलेक्ट्रॉन’. बाई आणि तज्ज्ञही त्यातून सुटले नाहीत.

“मुलाखतीला आलोय की कवायतीला?” एक उमेदवार कुरकुरला.

“मी राहिलेय ना उभी? मग तुम्हीही राहा,” बाईंनी त्याला दटावलं.

थोरलीच्या पदराला कपटा लागला: ‘प्रकाश’. तिने खिडकीपासून दारापर्यंत जायचं. धाकटीने टाळी वाजवली, हाताने वारा घेत भयंकर उकाडा दाखवला आणि इलेक्ट्रॉनांना पळायला लावलं. थोरली निघाली ती पहिल्याच पावलाला एकाशी धडकली. वळली, तर दुसऱ्याशी. दार समोर दिसत होतं, पण पोचता काही येईना.

मग धाकटीने बाकं भिंतीला सरकवली. सगळ्यांना लांब लांब केलं. खांदे आवळून कुडकुडली. पळणारे मंदावले, तसा एकेका इलेक्ट्रॉनचा हात तिने एकेका प्रोटॉनच्या हातात दिला. फळ्यावर लिहिलं, ‘जवळजवळ चार लाख वर्षांनी.’ थोरली पुन्हा निघाली, ती सरळ दारात.

शेवटी पिशवीतलं इलॅस्टिक निघालं. त्यावर पेनाने दाट नागमोडी रेघ ओढून धाकटीने ते ताणलं. वळणं एकमेकांपासून दूर गेली. फळ्यावर तिने लिहिलं, ‘वाटेतली प्रकाशाची लाट.’

तज्ज्ञ खुर्चीत बसले. छातीवरचा कपटा काढायचं त्यांना भान नव्हतं. त्यांनी धाकटीला नाही, थोरलीलाच विचारलं, “आकाशात कुठेही बघा, सगळ्या बाजूंनी एक मंद प्रारण, म्हणजे न दिसणारा उजेड, येत असतं. ते कुठून निघालं?”

“अमुक एका जागेवरून नाही,” थोरली बोलून गेली. “गर्दी तर सगळीकडेच होती. उजेड होता, पण नुसता धडका खात होता. पसारा वाढला, निवला, या मोकाट कणांनी एकेकाचा हात धरला, तेव्हा वाट मोकळी झाली. तेव्हा निघालेला उजेड अजून येतोच आहे. येता येता ताणला गेलाय, म्हणून डोळ्यांना दिसत नाही.”

तज्ज्ञांनी चष्मा काढला. “विषय तुमचाही हाच दिसतो.”

“छे हो, मी कपडे शिवते.”

“मग हे सगळं शिकलात कधी?”

थोरलीने बहिणीकडे पाहिलं.

“आत्ताच,” ती म्हणाली. “हिच्या तासाला.”