आपलं आपण

"डाव्या हाताने नाही," ती म्हणाली. "उजव्याने."

त्याने बटण सोडलं आणि उजव्या हाताची बोटं पुन्हा काजापाशी नेली. बोटं त्याचीच, पण परक्यासारखी वागत होती. बायको समोर स्टुलावर बसून बघत राहिली. मदतीला हात पुढे केला नाही.

झटका सौम्य होता, थोडक्यात निभावलं, असं डॉक्टर म्हणाले होते. तो सकाळी बाथरूममध्ये कोसळला तेव्हा ती चपला घालून दारात उभी होती. आवाज ऐकून धावत आत आली, शेजाऱ्यांना हाका मारल्या. नशीबवान आहात, असं जो तो म्हणाला. त्यालाही ते पटलं होतं.

पण न्हाव्याचा उजवा हातच रुसला, मग राहिलं काय? दुकानाला कुलूप लागलं. घरात मात्र तिने कंबर कसली. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवून घेतली. रोजची भांडी वरच्या फळीवरून ओट्यावर आणली. ज्याने जन्मात गॅस पेटवला नव्हता, त्याला चहा करायला, भाजी चिरायला, कपडे वाळत घालायला शिकवलं.

"आई, किती छळतेस बाबांना!" मुलगी फोनवर ओरडायची. "तू आहेस ना करायला?"

"त्यांचं त्यांना यायला हवं."

दुकानात त्याची जीभ वस्तऱ्याहून धारदार म्हणून प्रसिद्ध होती. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची, कारण वार बहुतेक वेळा बायकोवर असायचा. ती डबा घेऊन आली की त्याला जास्तच चेव यायचा. आता शब्द तोंडातच अडकायचे. त्याचं एक वाक्य जुळेपर्यंत चहा निवून जायचा. तेवढ्यात ती काहीतरी सांगायची, आणि तो ऐकायचा. शाळेत असताना तिला पोहण्यात बक्षीस मिळालं होतं, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"कधी... बोलली नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

संध्याकाळी फिरताना ती त्याच्या उजव्या बाजूने चालायची. पाय सावरला होता, तरी तो तिच्या खांद्यावर जरा जास्तच भार टाकायचा. हा झटका आला ते बरंच झालं म्हणायचं, असं एकदा त्याच्या मनात आलं. त्याची त्यालाच लाज वाटली.

मग एका सकाळी त्याने आपल्या हाताने दाढी केली. गुळगुळीत, कुठेही कापलं नाही. ती मागे उभी राहून आरशात बघत होती. पुढे होऊन तिने त्याच्या गालावरून उलटा हात फिरवला. तिचे डोळे भरून आले.

"अगं, रडतेस काय? आता दुकान उघडतो." मग अडखळत, एकेक शब्द गोळा करत तो म्हणाला, "मी... फार बोललो तुला. चारचौघांत. पुन्हा... नाही बोलणार."

गालावर राहिलेला फेस तिने टॉवेलने टिपला.

"छान झाली दाढी," ती म्हणाली. "संध्याकाळी भाऊ येतोय, मला कायमचं न्यायला. तुम्ही आपल्या पायावर उभे राहीपर्यंत थांबायचं ठरवलं होतं मी. तेवढं झालं."