पुढचे पॅड कोरे

मागच्या चाकाचा ब्रेक पॅड तिने उजेडात धरला. झिजून पापुद्र्याएवढा उरला होता. पुढचा मात्र कोरा. त्याच्यावर छापलेले आकडेही शाबूत होते.

"बाबा, हे उलटं आहे," ती म्हणाली. "गाडी थांबताना भार पुढे येतो. पुढचे आधी संपायला हवेत."

गाडी तुझ्या आईवर गेलीय, तिचंही सगळं जगाच्या उलटं, असं स्टुलावर बसलेल्या बाबांचं निदान होतं.

खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांची ही गाडी बापलेकीने दोन वर्षं खपून घरच्या शेडमध्ये जोडली होती. रविवारी घाटातल्या शर्यतीत ती बाबा चालवणार होते; गेले काही महिने ते एकटेच तिच्यावर सराव करत होते. सदुसष्टाव्या वर्षी पहिली शर्यत. आज चारला परीक्षक येणार होता. ब्रेक नापास तर शर्यत रद्द. घड्याळात अडीच वाजले होते.

ती बस डेपोत चौदा वर्षं ब्रेकच बघत होती. असलं कोडं समोर आलं की तिला तहानभूक आठवत नसे.

आधी हँडब्रेक. तो फक्त मागच्या चाकांना धरतो. अडकून राहिला असता तर पॅड खाल्ले असते. तिने गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला. चाकं बोटाच्या टिचकीसरशी फिरली. मग ब्रेकच्या तेलाचा दाब. पॅडल तूच दाब, आकडे मी वाचतो, माझे डोळे अजून पक्के आहेत, असं बाबा म्हणाले. आकडेही चोख निघाले. पुढे जास्त, मागे कमी, हवे तसेच. पाइपांत हवा नव्हती, गळती नव्हती.

जे तपासावं ते बिनचूक निघत होतं, आणि तिला अधिकच चेव येत होता. बाबाही रंगात आले. ते एकेक शंका काढत, ती लगेच निकालात काढी.

शेवटी चालवून बघायचं ठरलं. तिने आवारात खडूने रेघ मारली आणि तापमापक घेऊन भिंतीपाशी उभी राहिली. बाबा झोकात आले आणि बरोबर रेघेवर थांबले. ती धावली. मागच्या ब्रेकची चकती भाजत होती. पुढची थंडगार.

"सापडलं," ती म्हणाली. "पुढचे ब्रेक लागतच नाहीत."

पण मघाशी दाब तर पुरेपूर होता. तिने पुन्हा फेरी मारायला लावली, आणि या वेळी मागे उभं राहिल्यावर तिला दिसलं की गाडी थांबताना मागचे लाल दिवे लागलेच नाहीत. तिने दारातून वाकून हातानेच पॅडल दाबलं. मागची भिंत लाल झाली. म्हणजे दिवेही ठणठणीत.

पावणेचार झाले. तिसऱ्या फेरीला ती मागे न थांबता रेघेपाशी, ड्रायव्हरच्या बाजूला उभी राहिली.

गाडी त्याच झोकात आली आणि त्याच रेघेवर थांबली. स्टिअरिंगवर कोणाचाच हात नव्हता. एका हाताने बाबांनी हँडब्रेक ओढून धरला होता. दुसऱ्या हाताने गुडघ्यापाशी पँट पकडून ते आपला उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून बाजूला ठेवत होते.

तिच्या हातातला तापमापक तसाच राहिला. बाबांनी फाटकाकडे एक नजर टाकली.

"परीक्षक फक्त गाडीच तपासतो ना?" त्यांनी विचारलं.