पोत्यामागे कोण?

"दादा, हसलं तर धान्य कमी मिळतं का?"

मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून रांगेतल्या एका मुलीने संस्थेच्या फोटोवाल्याला विचारूनच टाकलं. गावात धान्य वाटताना तो दरवेळी सांगायचा, "जरा केविलवाणे चेहरे करा." आज तोच गोरामोरा झाला.

"नाही गं, कमी कशाला मिळेल?"

"मग काढा की आता!"

अख्खी रांग खो खो हसली. त्यालाही हसू आवरेना, पण फोटो निघाला. धान्यही नेहमीइतकंच मिळालं.

घरात पाऊल टाकताच तिने जाहीर केलं, "आई, बाबा, पुढच्या खेपेला फोटो मी काढणार! दादा कॅमेरा देणार आहेत. आणि बाबा, दरवेळेसारखं पोत्यामागे तोंड लपवायचं नाही हं!"