नुसतं कानावर असावं म्हणून

हिशेबच मांडायचा तर नूरुद्दीनला मिळणार होती बांधाची एक वीत. पारनेरच्या त्या माळावर तेवढ्यात मेथीची जुडीसुद्धा धड उगवली नसती. पण शेजारच्या कृपादानने नांगरताना ती आत घेतली, म्हणून नूरुद्दीनने डेअरीच्या चेअरमनला फोन केला. भांडायला नव्हे, नुसतं कानावर असावं म्हणून. ते पाहून कृपादानने सरपंचाला लावला, तोही कानावर असावं म्हणूनच. चेअरमन आणि सरपंच यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. दोघांनीही जीप भरभरून माणसं धाडली.

जीपा पोचल्या तोवर कृपादानने वीत सोडली होती आणि दोघे एकाच चंचीतली तंबाखू मळत बसले होते.

“आमचं मिटलं. तुमी जा माघारी,” नूरुद्दीन म्हणाला.

“त्ये उभे असताना आमी पाठ दावायची व्हय, चाचा?” चेअरमनचा माणूस म्हणाला. समोरचेही तेच म्हणत होते.

कृपादान हात पसरून मध्ये गेला. काठी कोणाची बसली, ते अजून ठरायचं आहे. बाकी कुणाला खरचटलंही नाही.

कृपादानच्या मातीला चेअरमन आणि सरपंच शेजारी शेजारी उभे होते. कृपादानची बायको हन्ना नूरुद्दीनला एवढंच म्हणाली, “भाऊ, बांधावरून नुसती हाक मारली असती, तरी ह्यांनी ऐकलं असतं.”