फ्रीजवरचे नियम

सुनेनं कॉलेजातल्या गणिताच्या मॅडमचे नियम फ्रीजवर चिकटवले होते. तास बुडवायचा नाही, उशिरा आलेली वही घेणार नाही, घरच्या कार्यासाठी फेरपरीक्षा नाही. मी अक्षर अक्षर जुळवून वाचलं आणि अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं या घरात माझा शब्द चालतो, पण तो कुणी असा डोळ्यांसमोर लावला नाही.

“शिकवते तरी काय गं ती?”

“एक गोष्ट हलली की बाकीच्या किती हलतात, ते मोजायचं, आई.”

“त्याला कॉलेज कशाला? मी हलले की अख्खं घर हलतं.”

सून हसली, मग कागदाकडे बघून म्हणाली, “सोमवारी नऊला परीक्षा आहे, आणि आपल्या कुळाच्या कानबाई देवीचं विसर्जनही नऊलाच. परीक्षा सोडते मी.”

जिंकले होते मी. पण कागद काढायला तिनं हात उचलला आणि मला माझी चौथीची परीक्षा आठवली. त्या सकाळी आईनं मला भावाच्या लग्नाचे गहू निवडायला बसवलं. शाळा सुटली ती सुटलीच. मॅडमचा हेवा वाटत होता खरा. सुनेचा त्याहून जास्त वाटला.

“राहू दे तो कागद. कानबाई बाराला निघेल.”

“भाऊबंद काय म्हणतील?”

“म्हणू देत. आरती मी धरते, वेळही मीच ठरवणार. आणि त्या मॅडमला सांग, तुमच्याकडे नसेल फेरपरीक्षा, आमच्या कानबाईकडे असते.”